नाटकाच्या घरातला गळा

दिवाळी आली की लाखांदूर तालुक्यात हलकं धान कापणीला येतं आणि भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. मंडई म्हटली की रात्री नाटक आलंच. शेजारच्या वडशाला नाट्यमंडळांच्या तारखा केव्हाच लागून गेलेल्या असतात. अशा दिवसांत अंकाचं पहिलं पान आम्ही आशा भोसले यांच्या गाण्याला देत आहोत. मुंबईच्या स्टुडिओंत गायलेल्या गायिकेचा आणि आपल्या या झाडीपट्टीचा काय संबंध, असं कोणी विचारील. संबंध नाटकाचा आहे आणि तो आम्हाला फार जवळचा वाटतो.

आशाताईंचा जन्म ८ सप्टेंबर १९३३ चा, सांगलीचा. आजी येसूबाई गोव्यातल्या मंगेशीच्या, गाणाऱ्या. आई खानदेशातल्या थाळनेरची. वडील मास्टर दीनानाथ म्हणजे ‘बलवंत संगीत मंडळी’चा प्राण. आक्रमक, चपळ तानांचं त्यांचं गाणं महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं, पण ते स्त्रीभूमिकाही तितक्याच तन्मयतेने करत. गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मधली लतिका त्यांचीच. गाता गाता दुसरं माणूस होऊन जायचं, हे त्या घरात पोटापाण्याचं काम होतं. १९४२ मध्ये दीनानाथ गेले, तेव्हा आशाताईंना नववं वर्ष चालू होतं. पुढच्याच वर्षी ‘माझं बाळ’ या चित्रपटासाठी दत्ता डावजेकरांकडे त्या गायल्या. वडिलांकडून बसून शिकायला मिळालं ते किती थोडं! तरी घरात रात्रंदिवस चाललेली तालीम कानात मुरली होती.

त्यांचं कौतुक बहुतेक वेळा आकड्यांनी होतं. २०११ साली गिनेसनेही त्यांच्या गाण्यांची नोंद घेतली. आम्हाला भुरळ पडते ती वेगळ्याच गोष्टीची. गाणं सुरू होऊन दोन ओळी झाल्या की गाणारी बाई कोणत्या वयाची, कोणत्या घरातली, कोणावर रुसलेली, हे कळतं. ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) मधली त्यांची लावणी आठवा. चाल ‘आनंदघन’ यांची, म्हणजे थोरल्या बहिणीची. तिथे शब्दाची फेक ठसकेबाज आहे, स्वर मात्र कुठेही सैल नाही. तोच गळा आपल्या विदर्भाच्या, अमरावतीच्या सुरेश भटांच्या गझलेकडे वळतो आणि शब्दाच्या शेवटी श्वास किंचित सुटू देतो. त्या सुटलेल्या श्वासात सगळी रात्र येते. ‘उमराव जान’च्या (१९८१) वेळी खय्यामांनी नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं. इतक्या वर्षांच्या नावलौकिकानंतर आपली हुकमी पट्टी सोडायची, हे सोपं नव्हतं. त्यांनी ती सोडली आणि लखनौची तवायफ ऐकणाऱ्यासमोर उभी राहिली. त्या चित्रपटातल्या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. पुढे साठी ओलांडल्यावर त्या उस्ताद अली अकबर खाँसाहेबांसमोर शिष्या म्हणून बसल्या आणि जुन्या बंदिशी गायल्या. १९९६ चा ‘लेगसी’ हा तो संग्रह.

आमचं म्हणणं असं की हा सगळा पसारा एकाच मुळातून फुटला आहे, आणि ते मूळ संगीत नाटकात आहे. पात्र बदललं की गळ्याने बदलायचं, हा रंगभूमीचा नियम त्यांनी सिनेमात नेऊन पाळला.

झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागत नाही. इथली गायिका-नटी एकाच रात्रीत नांदीला उभी राहते, पदाला टाळ्या घेते, मध्यरात्री लावणी करते आणि पहाटे पोटच्या लेकराच्या शोकाने मांडव रडवते. थंडी मी म्हणत असते, साथीला पेटी-तबला, आणि चुकलं तर पुन्हा गायची सोय नाही. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या रंगभूमीची दखल देशाने घेतली, याचा आनंद मोठा होता. गाणाऱ्या बायांची दखल मात्र अजून आपणच नीट घेतलेली नाही. त्यांची पदं कोणी जपून ठेवलेली नाहीत. सकाळी गाडी दुसऱ्या गावाला निघते आणि पत्रिकेवरचं नाव पुसलं जातं. आशाताईंचा निदान प्रत्येक स्वर तबकड्यांवर राहिला.

म्हणून वाचकहो, एक विनंती. यंदा तुमच्या गावच्या मंडईत जी बाई गाईल, तिच्याशी नाटक सुटल्यावर दोन शब्द बोला. गाव कोणतं, गाणं कोणाकडे शिकली, पहिलं पद कोणतं, हे विचारा. तिची परवानगी असेल तर एखादं पद फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्या. जे हाती लागेल ते आमच्याकडे पाठवा. पुढच्या दिवाळीचा अंक या गाणाऱ्या बायांचाच असेल.