त्रिकुटाबाहेरचा चौथा

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने दरवर्षी तेथील संसदेपुढे उभे राहून घरच्या आणि बाहेरच्या कारभाराचा लेखाजोखा मांडावा, अशी त्या देशाची प्रथा आहे. २९ जानेवारी २००२ रोजी जॉर्ज बुश यांनी केलेले असे भाषण जगाच्या स्मरणात राहिले ते इराक, इराण आणि उत्तर कोरिया या त्रिकुटाला त्यांनी दुष्टांची आघाडी ठरविल्यामुळे. भारतीयांनी मात्र ते निराळ्या कारणासाठी पुन्हा वाचावे.

त्याच्या जेमतेम दीड महिना आधी, १३ डिसेंबर २००१ रोजी, आपल्या संसदेवर हल्ला झाला होता. आपले सैन्य सीमेवर सज्ज उभे होते. बुश यांनी दहशतवादी टोळ्यांमध्ये जैश-ए-महंमदचे नाव घेतले आणि आपल्याकडील कित्येकांना कृतकृत्य वाटले. जणू वॉशिंग्टनने आपले दुःख जाणले! पण त्याच भाषणात मुशर्रफ यांच्या खंबीर नेतृत्वाची वाखाणणीही होती. विषवृक्षाच्या फांदीला शिव्या आणि मुळाला पाणी, असा हा न्याय. साडेतीन महिन्यांनी, १४ मे रोजी, जम्मूजवळच्या कालूचक येथे सैनिकांच्या बायकामुलांना वेचून मारण्यात आले. वाखाणणीची ही फलश्रुती.

त्रिकुटातील दोघांना, इराणला आणि उत्तर कोरियाला, अणुतंत्रज्ञान पुरविणारा कोण होता? पाकिस्तानचा अब्दुल कादीर खान. फेब्रुवारी २००४ मध्ये त्याने दूरचित्रवाणीवर कबुली दिली आणि दुसऱ्याच दिवशी मुशर्रफ यांनी त्याला माफ करून टाकले. त्याच वर्षी जून महिन्यात अमेरिकेने पाकिस्तानला ‘नाटो’बाहेरील प्रमुख मित्रराष्ट्राचा दर्जा बहाल केला. ज्याच्यापाशी संहारक अस्त्रांचे साठे सापडले नाहीत, त्या इराकवर मात्र २००३ मध्येच सैन्य घुसविण्यात आले होते. गिऱ्हाईक दुष्ट आणि दुकानदार मित्र, हे तर्कशास्त्र ज्यांना उमगले असेल त्यांनी आम्हांसही समजावून सांगावे.

घरच्या बाबतीतही असाच सोयीचा विसर. एन्रॉन कंपनीचे दिवाळे निघून दोन महिनेही झाले नव्हते. कंपन्यांनी हिशेब चोख ठेवावेत, असा उपदेश भाषणात होता. एन्रॉनचे नाव तेवढे नव्हते. गुहागर तालुक्यातील बंद पडलेला दाभोळ प्रकल्प ज्यांनी पाहिला, त्या महाराष्ट्रातील वाचकांस या मौनाचा अर्थ सांगावयास नको. अर्थसंकल्पातील तूट लहान आणि अल्पकाळाची असेल, असेही आश्वासन होते. २००४ साली ती ४१३ अब्ज डॉलरवर गेली.

बुश यांच्यावर सारा राग काढून आपली सुटका होत नाही. ते त्यांच्या देशाचे हित पाहत होते, आणि त्यासाठीच त्यांना निवडून दिले होते. जैशचा संस्थापक मसूद अझहर याला ३१ डिसेंबर १९९९ रोजी कंदाहारला आपणच सोडले, तेव्हा दिल्लीत आपल्याला जवळचे वाटणारे सरकार होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. बुश यांच्या त्या उल्लेखाने हुरळून गेलेल्यांसाठी आणखी दोन तारखा. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे आपले ४० जवान धारातीर्थी पडले. जबाबदारी जैशनेच घेतली. आणि अझहरचे नाव संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या यादीत चढले ते १ मे २०१९ रोजी, त्या भाषणानंतर तब्बल सतरा वर्षांनी.