बांध उरले, शास्त्र मागे पडले

पावसाने ओढ दिली, की महाराष्ट्रातील चर्चा धरणांतील साठा आणि टँकरची संख्या यांभोवती फिरू लागते. राज्यातील सुमारे चार पंचमांश शेतजमीन मात्र आजही सिंचनाखाली नाही. तेथील पिकाचे भवितव्य धरणातील साठ्यापेक्षा शेतातल्या मातीत किती ओल मुरली आणि ती किती काळ टिकली, यावर ठरते. या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास शंभर वर्षांपूर्वी पुण्याजवळील मांजरी येथे आणि त्यानंतर सोलापूर येथे सुरू झाला होता. त्यातून काय स्वीकारले गेले आणि काय मागे पडले, हे तपासल्यास आजच्या दुष्काळ निवारण धोरणातील उणीव स्पष्ट होते.

या संशोधनाची पार्श्वभूमी दुष्काळांची आहे. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी दख्खनची ग्रामीण अर्थव्यवस्था मोडून काढली. त्यानंतर १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे केंद्रीय कृषी संशोधन संस्था आणि १९०७ मध्ये पुण्याचे कृषी महाविद्यालय उभे राहिले. या महाविद्यालयाचे प्राचार्य आणि नंतर मुंबई इलाख्याचे कृषी संचालक झालेले डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पर्जन्यमान, जमीन आणि कुटुंबाचे अर्थकारण यांचा एकत्रित विचार केला. १९२३ मध्ये व्ही. ए. ताम्हणे यांनी मांजरी येथे कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू केले. १९२८ च्या शाही कृषी आयोगाच्या अहवालानंतर, १९२९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय कृषी संशोधन परिषदेने या कामाला निधी दिला. त्यातून १९३३ ते १९३५ या काळात सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक येथे केंद्रे सुरू झाली. या कामाचे प्रमुख अभ्यासक एन. व्ही. कानिटकर यांचा कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला.

सोलापूरच्या पट्ट्यात वर्षाला साधारण ५०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु तो मोजक्या सरींत येतो आणि ऑगस्टमध्ये अनेकदा दडी मारतो. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पीक न घेता सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये साठलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी पेरण्याची रीत शेतकऱ्यांनी पूर्वीच बसवली होती. संशोधकांनी या रीतीत होणारी गळती मोजली. रिकाम्या शेतातून किती पाणी वाहून जाते, त्याबरोबर किती माती जाते, मातीच्या कोणत्या थरात किती ओल उरते, याच्या नोंदी ठेवल्या. त्यातून ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ तयार झाली. समपातळीवर बांध, काही वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, पावसाळ्यात वरचेवर कुळवाच्या पाळ्या, कमी बियाणे, दोन ओळींतील जास्त अंतर आणि भेगा बुजवणारी कोळपणी हे तिचे घटक होत. उपलब्ध ओलीला पुरतील एवढीच रोपे शेतात असावीत, हा या पद्धतीचा गाभा होता.

याच काळात सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक वाणातून निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ ही ज्वारी पुढे आली. दाण्याचा दर्जा, कडब्याचे उत्पन्न आणि ओल कमी पडली तरी तग धरण्याची क्षमता या तीन गुणांवर ती टिकली. १९६० च्या दशकात आलेल्या संकरित ज्वारीने खरिपाचे चित्र बदलले. पण रब्बीत मालदांडीला पूर्णपणे हटवणे कोणत्याही नव्या वाणाला जमले नाही.

अर्थात, या पद्धतीची मर्यादाही नोंदवली पाहिजे. तिच्यामुळे उत्पादनात होणारी वाढ पंधरा-वीस टक्क्यांच्या आसपास होती. मूळचे उत्पादनच एकरी फार कमी असल्याने ही वाढ शेतकऱ्याच्या पदरात मूठभर धान्याच्या रूपानेच पडे. त्यासाठी बैलजोडी, शेणखत आणि जादा मजुरी मात्र त्याने स्वतः जुळवायची होती. खंडाने शेती करणाऱ्या वा कर्जात असलेल्या कुटुंबाला हा खर्च परवडणारा नव्हता. ज्ञान तयार झाले, पण त्याची जोखीम उचलण्यास कोणी पुढे आले नाही.

शासनाने स्वीकारला तो प्रामुख्याने एकच घटक, बांध. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने सामूहिक बांधबंदिस्तीला आधार दिला. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमी योजनेतही ही कामे मोठ्या प्रमाणावर झाली. बांध मोजता येतो, त्यावर मजूर लावता येतात आणि खर्चाचा हिशेब देता येतो. मात्र मातीच्या खोलीचा विचार न करता सर्वत्र सारखेच बांध घातल्याने भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबून पिके सडली आणि भेगाळलेले बांध फुटले. अशा जमिनीत जादा पाणी उतारावरून हळूहळू काढून देणारे ढाळीचे बांध हवेत, हे शास्त्र नंतर मान्य झाले.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानातही भर पाणी अडविण्याच्या कामांवर राहिला. अडवलेल्या पाण्यावर कोणते पीक घ्यायचे, हा प्रश्न बाजूला पडला. ज्या सोलापुरात ओलीचे हे शास्त्र घडले, तोच जिल्हा उजनी धरणानंतर उसाचा आणि साखर कारखान्यांचा म्हणून ओळखला जाऊ लागला. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात ज्वारीचा गौरव झाला. पण केवळ गौरवाने पेरा वाढत नाही.

१९७० पासून अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाद्वारे कोरडवाहू संशोधन सुरू आहे, म्हणजे प्रश्न ज्ञानाच्या अभावाचा नाही. मातीच्या खोलीनुसार पीक, कोरडवाहू धान्याची हमखास खरेदी आणि वाईट वर्षातील नुकसानीत शासनाचा वाटा या तीन गोष्टी एकत्र आल्याशिवाय ते ज्ञान बांधापलीकडे शेतात उतरणार नाही. दुष्काळ निवारणाच्या निधीचा हिशेब देताना किती बांध झाले याबरोबरच पेरणीच्या वेळी मातीत किती ओल होती, हेही विचारले गेले पाहिजे.