भ्यायचं, पण आपल्या मर्जीनं

‘आजी, येतेस ना? पण आत गेल्यावर ‘चला परत’ म्हणायचं नाही हं!’ तेरा वर्षांची नात मला बजावत होती. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, फिलाडेल्फियाची बोचरी थंडी आणि आम्ही तिघी, म्हणजे मी, लेक आणि नात, रांगेत उभ्या. कशासाठी, तर पैसे मोजून घाबरायला! बायकांना जन्मभर फुकटात इतकं घाबरायला मिळतं, त्यासाठी वर तिकीट कशाला काढायचं, हे काही माझ्या मनाला पटत नव्हतं.

जागाही कशी, तर जुना तुरुंग. ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी. १८२९ मध्ये सुरू झाला, १९७१ मध्ये बंद पडला. इथे सुरुवातीला प्रत्येक कैद्याला अगदी एकटं ठेवायचे. कोठडीबाहेर काढताना डोक्यावरून टोपडं ओढायचे, कोणी कोणाचं तोंड बघू नये म्हणून. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स इथे येऊन गेला आणि त्याने या एकांतवासावर कडक टीका केली. आज तिथे संग्रहालय आहे आणि पडझड झालेल्या त्या वास्तूच्या देखभालीसाठी पैसा उभा करायला दर हॅलोविनला भुताटकीचा खेळ मांडतात. १९९१ पासूनची ही प्रथा आहे.

दाराशी एक मुलगी चमकणाऱ्या माळा घेऊन उभी होती. मला वाटलं, विकायला असतील. लेकीने समजावलं, ‘अगं आई, ही माळ गळ्यात घातली तरच भुतं तुला हात लावतील, ओढतील. नाही घातली तर फक्त लांबून घाबरवतील.’ म्हणजे काहीच सांगितलं नाही तर त्याचा अर्थ ‘नाही’ असाच धरायचा! अमेरिकेत बहुतेक अशा ठिकाणी भुतांनी प्रेक्षकाला हात लावायचा नाही असाच दंडक असतो म्हणे. इथे ज्याला हवं असेल त्याने तसं आधी सांगायचं, एवढंच.

मैत्रिणींनो, ती माळ हातात घेतली आणि मी पंचेचाळीस वर्षं मागे गेले. आमच्या गावच्या जत्रेत भुताचा बंगला यायचा. ताडपत्री, बांबू, आत काळोख, लोंबकळणारा सांगाडा आणि कर्कश रेकॉर्ड. मी नववीत होते. सांगाड्याला बघून हसूच आलं होतं, पण त्या काळोखात मागून एक हात आला, आणि तो भुताचा नव्हता. मी ओरडले. सगळे हसले, कारण तिथे ओरडायचंच असतं ना! घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘गर्दीत होतं असं. कोणाला बोलू नकोस.’ पुढच्या वर्षी भाऊ जत्रेला गेला, मी घरी. त्या हाताला कोणी काही विचारलं नाही. जत्रा बंद झाली ती माझी.

म्हणून मला वाटतं, भीतीत गंमत असते, पण ती आपण होऊन पत्करलेली असेल तेव्हाच. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी अशाच एका भूतघरात ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले. २०२० मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सगळ्यात जास्त मजा कोणाला आली? फार कमी घाबरलेल्यांना नाही आणि फार जास्त घाबरलेल्यांनाही नाही, तर मधल्यांना. भाजीतल्या तिखटासारखंच की हे! आणि तिखट किती, हे खाणारीने ठरवायचं असतं, वाढणाऱ्याने नाही.

दुसरी गोष्ट दाराची. आत शिरल्यावर मी आधी काय पाहिलं असेल, तर बाहेर पडायच्या वाटेचे दिवे. ते होते. पण ही शहाणीव तिथेही फुकट आलेली नाही. ११ मे १९८४ रोजी न्यू जर्सीतल्या एका मोठ्या करमणूक उद्यानात ‘हॉन्टेड कॅसल’ला आग लागली आणि आठ किशोरवयीन मुलं गेली. आत पाण्याचे फवारे नव्हते. काळोख, वेडीवाकडी वाट, आणि आरडाओरडा तर तिथे नेहमीचाच. त्यानंतर अशा ठिकाणांसाठी आगीचे नियम कडक झाले.

आता आपल्याकडेही पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये, सोसायट्यांमध्ये हॅलोविन आलं आहे. लगेच वाद सुरू होतो, ‘ही आपली संस्कृती आहे का?’ अहो, जत्रेतला भुताचा बंगला काय वेदांत होता? मुलांना घाबरायला आवडतं, आवडू दे. आपण आयांनी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. आत आगीची सोय काय? दुसरं दार कुठे? काळोखात लक्ष ठेवायला कोण? मुलगी ‘नको’ म्हणाली तर खेळ थांबणार का? २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनमध्ये पंचवीसहून अधिक जीव गेले, त्यात लहान मुलंही होती. त्या जागेला अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला नव्हता. तिकीट काढताना हे विचारायला आपल्याला संकोच वाटतो. तो सोडायला हवा.

आमच्या नातीने ऐटीत माळ घातली होती. दुसऱ्या-तिसऱ्या खोलीत एका भुताने तिचा खांदा धरला आणि तिचा चेहरा पडला. मी पुढे होणार, तोच तिने माळ काढून खिशात कोंबली. पुढचं भूत धावत आलं, मोकळा गळा बघून हातभर अंतरावर थांबलं आणि नुसतंच गुरगुरलं. कोणी तिला भित्री म्हटलं नाही.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, ‘आजी, तुझ्या वेळी होत्या का अशा माळा?’

‘नव्हत्या गं,’ म्हटलं. आणि मग गाडीत बसल्यावर, पहिल्यांदाच, लेकीला आणि नातीला जत्रेची ती गोष्ट सांगितली.