‘रक्तातच आहे’ म्हणून सुटका नाही

टिटवाळ्यात कुठल्याही घरी तीन-चार वर्षांच्या पोराच्या अंगाचा विषय निघाला की दोनपैकी एक वाक्य ठरलेलं. घरचे म्हणतात, ‘आमच्या खानदानातच आहे, आजोबांवर गेलाय.’ शेजारीपाजारी म्हणतात, ‘आई नोकरीला जाते, पोर वेफर्सवर वाढणार नाही तर काय!’ एक वाक्य सगळं रक्तावर ढकलतं, दुसरं आईवर. दोन्ही चूक आहेत आणि दोन्हींपायी मुलांचं नुकसान होतं आहे.

खानदानाचा मुद्दा आधी घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. 2007 साली एफटीओ या जनुकाचा एक प्रकार हाती लागला. तो आई आणि वडील दोघांकडून मिळालेली मोठी माणसं इतरांपेक्षा सरासरी तीन किलोंनी जड भरतात. पण हे जनुक परस्पर चरबी तयार करून अंगावर थापत नाही. स्कॉटलंडमध्ये चार ते दहा वर्षांच्या मुलांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष 2008 मध्ये आले. हा प्रकार असलेल्या मुलांचं शरीर वजनाच्या मानाने ऊर्जा इतरांइतकीच खर्च करत होतं. फरक पडत होता तो खाण्यात. समोर ताट आलं की त्यांच्या पोटात जास्त उष्मांक जात होते. म्हणजे वारशाने आली ती भूक. ताटात काय वाढायचं हे जनुक सांगत नाही.

आणि खानदान पाच वर्षांत बदलत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण 2015-16 मध्ये 1.9 टक्के होतं, ते 2019-21 मध्ये 4.1 टक्के झालं. जनुकं तीच राहिली, बदललं ते घरातलं आणि दुकानातलं खाणं.

मग आईला धरायचं का? मुळीच नाही. एकाच घरात, एकाच हाताने वाढलेल्या दोन भावंडांतलं एक दोन घासांत तृप्त होतं, दुसऱ्याचं पोट भरतच नाही. इंग्लंड-वेल्समधल्या 2007 साली जन्मलेल्या जुळ्यांवरच्या ‘जेमिनी’ अभ्यासाने हे तान्ह्या वयापासून तपासलं आहे. भुकेची ही तऱ्हा बऱ्याच अंशी जन्मजात असते. त्याच अभ्यासात मुलं चार वर्षांची झाल्यावर त्यांची घरं पाहिली गेली: खायला काय ठेवलेलं असतं, टीव्ही किती चालतो, खेळायला वाव किती. वजन वाढवणारं वातावरण असलेल्या घरांत मुलामुलांच्या अंगलटीतल्या फरकापैकी 86 टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. वातावरण चांगलं असलेल्या घरांत तो 39 टक्के होता. हा आकडा एकट्या मुलाच्या चरबीचा नाही, मुलामुलांतल्या फरकाचा आहे. तरीही जनुकाचा जोर निम्म्याहून कमी करणं घराच्या हातात असतं, असा त्याचा अर्थ मी घेतो.

आणि घर म्हणजे एकटी आई नव्हे. सकाळची लोकल पकडून ती मुंबईला जाते, दिवेलागणीला परतते. मधले दहा-बारा तास मूल आजीकडे किंवा पाळणाघरात असतं. स्टेशनबाहेरच्या दुकानांत पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा बरोबर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लोंबत असतात. चहात बुडवून दिलं जाणारं ग्लुकोज बिस्कीट घ्या. पाकिटामागचा बारीक मजकूर वाचला तर शंभर ग्रॅममागे साधारण पंचवीस ग्रॅम साखर दिसते, म्हणजे वजनाचा चौथा हिस्सा. ते आजी प्रेमाने देते, काका प्रेमाने आणतो, आणि बोल मात्र आईला लागतो. शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या 50 मीटरांत जास्त चरबी, साखर, मिठाचे पदार्थ विकू नयेत, असा केंद्राचा 2020 चा नियम आहे. तो पाळला जातो का, हा प्रश्न आईला नव्हे, पालिकेला विचारायचा असतो.

तिसरा समज सर्वांत घातक: मूल गुटगुटीत तर निरोगी, बारीक तर चरबीची काळजी नको. हा समज पुण्यातच खोटा ठरला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं अभ्यासली. तिथल्या नवजात बाळाचं सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळाचं 3.5 किलो. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण पाठीवर, फऱ्याखाली चिमटीत धरलेल्या कातडीची जाडी त्या मानाने फारशी कमी नव्हती. हाडकुळं दिसणारं हे बाळ आतून चरबी बाळगून होतं. आईचं पोषणही यात शिरतं. यातल्या बहुतेक मातांना बी-12 जीवनसत्त्व कमी पडत होतं. ज्यांच्यात बी-12 कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होतं. यावरून कुणी गरोदरपणातली फोलिक ॲसिडची, म्हणजे फोलेटचीच, गोळी बंद करू नये. बी-12 कडेही लक्ष द्यावं, एवढंच.

मूल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बाळसं उतरून लांबट होऊ लागलं की घर हवालदिल होतं. खरं तर पहिल्या वर्षानंतर पाच-सहा वर्षांपर्यंत अंग उतरणं हा निसर्गक्रम आहे. त्यानंतर चरबी पुन्हा वाढू लागते. ही वाढ ज्यांच्यात लवकर सुरू झाली, त्यांच्यात पुढे मधुमेहाचा धोका जास्त आढळला. दिल्लीत 1969 ते 1972 दरम्यान जन्मलेल्यांच्या दीर्घ अभ्यासाने ते दाखवलं. ‘बाळसं गेलं’ म्हणून मोबाईल दाखवत घास कोंबणं म्हणजे पोट भरल्याची मुलाची स्वतःची जाणीव बोथट करणं.

वजन खरंच घटत असेल, उंची खुंटली असेल तर जरूर अंगणवाडीत, डॉक्टरांकडे जा; कुपोषण आपल्याकडे अजून मोठंच आहे. पण निव्वळ अंग उतरलं म्हणून साखरेने ते भरून काढू नका.

आजी-आजोबांना, पाळणाघरवाल्या ताईंना माझी हात जोडून विनंती आहे. नातवाने मान फिरवली की घास खाली ठेवा. आणि ज्याची भूकच मोठी, त्याला रागवू नका. त्याच्या हाताला लागेल तिथे बिस्किटाच्या डब्याऐवजी केळं, उकडलेलं अंडं, चतकोर भाकरी ठेवा.