गाणं कुणाच्या बाजूचं?

मेलोड्रामातल्या संगीतावर दोन आरोप होतात. ते हुकमी रडवतं, हा पहिला. तो सोडून देऊ, रडू आणणं हा काही गुन्हा नव्हे. दुसरा गंभीर आहे. हे संगीत बाईचं सोसणं गोड करून विकतं, आणि आवाजांचीही वाटणी करतं: घरंदाज बाईला सोज्वळ गळा, कोठीवरचीला मादक. पुष्कळ चित्रपटांत हे घडलंय, नाकारण्यात अर्थ नाही. पण तेवढ्यावरून चित्रपटसंगीताला सरसकट पुरुषसत्तेचं चाकर ठरवणाऱ्यांनी ‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२) नीट ऐकावा.

संगीत हेमंतकुमारांचं, पण एकही गाणं पुरुषाच्या तोंडी नाही. हवेलीचे मालक चौधरी मुके, नायक भूतनाथही मुका. हेमंतकुमारांच्या स्वतःच्या आवाजातलं एक गाणं होतं, तेही काढून टाकलं. त्याची चाल पुढे ‘अनुपमा’त (१९६६) आली. उरल्या गीता दत्त आणि आशा भोसले. आता वाटणी पाहा. ब्राह्मो घरातली जबा आणि मुजरा करणारी नर्तकी, दोघींनाही आशाबाईंचाच आवाज! सोज्वळ-मादक ही भिंत इथे उभीच राहत नाही.

गीताबाई गातात त्या फक्त हवेलीची धाकटी सून, छोटी बहू, हिच्यासाठी. ‘जोगन’मधली मीरेची भजनं आणि पुढच्याच वर्षी ‘बाजी’तलं क्लबातलं गाणं ज्या गळ्यातून आलं, तोच गळा दारू प्यायलेल्या सुनेला मिळाला. नवरा कोठीवर निघालाय आणि छोटी बहू झालेली मीनाकुमारी गाण्यातून त्याला अडवतेय. त्या गाण्याचे शब्द विनवणीचे आहेत, म्हणून टीकाकारांना त्यात पतिव्रतेची लाचारी दिसते. त्यांनी चाल ऐकावी. ती हुंदके देत नाही, रेंगाळते, आळसावते. गीताबाई शब्द लांबवतात, मध्येच श्वासावर सोडून देतात. ही उघड शरीराची मागणी आहे, आणि ती लग्नाची बायको करतेय, तीही अशा घरात जिथे सुनांनी दागिने मोडावेत आणि पुन्हा घडवावेत एवढंच अपेक्षित होतं.

‘पण शेवटी तिला मारतातच ना?’ मारतात. हवेलीच्या ढिगाऱ्यात तिचा सांगाडा सापडतो. ती शिक्षा कथेनं दिली. तिचं खापर संगीतावर का फोडायचं? तिची इच्छा रास्त आहे, असं त्या चित्रपटात गाण्यांखेरीज कुणीही म्हणत नाही. तिच्यावर जीव असलेला भूतनाथसुद्धा तिला दारू सोडायलाच सांगतो.