भरलेल्या चेंबरचा भरवसा



अस्वलांच्या मुलखात रायफलच्या चेंबरमध्ये सदैव गोळी हवीच, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत घातक आहे. ओल्या ओंडक्यावरून पाय घसरला की नळी थेट सोबत्याच्या पाठीवर येते, आणि सेफ्टीचा खटका दगा देऊ शकतो.

पत्रलेखकांची अस्वलाच्या हल्ल्याची भीती मात्र खरी आहे. ग्रिझली अस्वल ताशी सुमारे 55 किलोमीटर वेगाने धावते. 50 मीटर अंतर जेमतेम सव्वातीन सेकंदांचे.

पण सप्टेंबर 2018 मध्ये अमेरिकेतील वायोमिंगच्या टेटन रानात काय घडले? शिकार झालेले एल्क हरीण कापत असताना ग्रिझलीने वाटाड्यावर झडप घातली. त्यात तो दगावला. पिस्तूल होते, पण अंगावर नव्हे. थोड्या अंतरावर सामानापाशी! हत्यार हाताशीच नसेल, तर भरलेल्या चेंबरचा काय उपयोग? रायफलचे मॅगझीन भरलेले, चेंबर रिकामे, बेअर स्प्रे कमरेला आणि मांस कापताना एक जण रायफल घेऊन पहाऱ्यावर, असा आग्रह पत्रलेखकांनी धरायला हवा होता.

— एक वाचक