लायकीचा हिशेब

५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. १९२२ साली याच दिवशी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांचं देहावसान झालं. दरवर्षी या सुमारास त्यांच्याविषयी बोललं जातं ते त्यांच्या कर्तृत्वाबद्दल. कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेल्या ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, शारदा सदन ही विधवांची शाळा, दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली. सगळं खरं आणि सगळं मोठं. पण मला त्यांच्या आयुष्यातली जी वर्षं सगळ्यांत जवळची वाटतात, त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १८९१ च्या सुमारास त्यांच्या जिवाला शांती मिळाली. मधली आठ वर्षं त्या ख्रिस्ती होत्या, आणि तरी अस्वस्थ होत्या.

असं का झालं असेल हे समजायला त्यांचं बालपण पाहावं लागतं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकामुलांना घेऊन तीर्थामागून तीर्थ पायी हिंडले. पवित्र नद्यांत स्नान, उपास, देवळात बसून पुराणवाचन, हातात असेल ते दान. पदरी पुण्य साठावं म्हणून जे जे शास्त्रात सांगितलं ते ते या कुटुंबानं कसूर न करता केलं. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई-वडील गेले, पाठोपाठ बहीण गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. ज्या मुलीनं इतकं सगळं चोख करून पाहिलं, तिच्या मनात हिशेबाची वही कायमची उघडी राहिली तर नवल नाही. पुढे धर्म बदलला. वही मात्र बरोबर आली. इंग्लंडात चेल्टनहॅमला त्या सिद्धांतांवर वाद घालत होत्या, प्रश्न विचारत होत्या, भारतात परतल्यावर विधवांसाठी शाळा चालवत होत्या. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी या काळाबद्दल मोकळेपणानं सांगितलं आहे, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मग हॅस्लम नावाच्या इंग्लिश धर्मोपदेशकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. तोही पाळक झाल्यावर पुढे केव्हातरी विश्वासात आला होता. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की देवाची माया कमवायची नसते. ती आधीच दिलेली असते, आपण फक्त हात पुढे करायचा.

आपण ज्याला आज परफेक्शनिझम म्हणतो, त्याचं मूळ मला या वहीतच दिसतं. नीटनेटकेपणाची आवड वेगळी. ती आनंद देते. हे दुखणं वेगळं. यात माणूस काम चांगलं व्हावं म्हणून झिजत नाही, आपण नाकारले जाऊ नये म्हणून झिजतो. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपल्या वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन केलं आहे. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली जायची, मीठसुद्धा. घरातल्या बायका त्या धुण्यात पिचून गेल्या. मी ते प्रकरण जेव्हा वाचते, तेव्हा मला त्या गृहस्थांचा राग येण्याआधी त्यांची कीव येते. जिवाच्या आत कुठेतरी भीती बसलेली, आणि ती पाण्यानं निघत नाही.

आम्ही ख्रिस्ती लोकांनी सोवळं सोडलं असं आम्ही अभिमानानं सांगतो. खरंच सोडलं का? आमच्या मंडळीत एक निवृत्त शिक्षिका आहेत. सगळे त्यांना बाई म्हणतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, त्याची सगळी तयारी बाईंची. मेजावरचं पांढरं कापड त्या शनिवारी घरी नेऊन कडक इस्त्री करून आणतात. काचेचे ते अंगठ्याएवढे प्याले एकेक करून धुतात, मऊ फडक्यानं पुसतात, खिडकीच्या उजेडात धरून पाहतात, बोटाचा ठसा दिसला की पुन्हा पुसतात. मग लाकडी ताटात ओळीनं मांडतात. आणि उपासनेत ते ताट त्यांच्या बाकाशी आलं, की मान खाली घालून पुढे सरकवतात. स्वतः घेत नाहीत. कित्येक वर्षांत घेतलेलं नाही. एकदा न राहवून मी विचारलं. म्हणाल्या, “धाकट्या जावेविषयी मनात अजून अढी आहे गं. ती अढी गेली की घेईन. असं मन घेऊन कसं घ्यायचं?”

त्यांच्या मनात करिंथकरांस पाठवलेल्या पहिल्या पत्रातलं ते वचन आहे, अयोग्य रीतीनं भाकर खाण्याबद्दलचं. आमच्याकडे प्रभुभोजनाआधी ते वाचतात आणि निम्मी मंडळी मनातल्या मनात आपापले दोष मोजायला लागते. त्याच अकराव्या अध्यायात थोडं वर जाऊन वाचलं तर पौल कशावर संतापला आहे ते स्पष्ट दिसतं. करिंथमध्ये ज्यांच्याकडे होतं ते आधीच येऊन खाऊन-पिऊन मोकळे व्हायचे आणि गरीब भावंडं उपाशी राहायची. पौल बोलतो आहे ते मेजावर दुसऱ्याला जागा न ठेवणाऱ्यांविषयी. ज्यांना आपली अढी सलते, त्यांना त्यानं दाराबाहेर उभं केलेलं नाही. ज्या रात्री हे भोजन सुरू झालं, त्या रात्री मेजाभोवती पेत्र होता, काही तासांत प्रभूला ओळखत नाही असं तीनदा म्हणणारा. बाकीचेही पळूनच गेले. आधी लायक व्हा, मग या, असं त्यांतल्या एकालाही सांगितलं गेलं नाही. पाळकसाहेबांना माझी कळकळीची विनंती आहे, ते वचन वाचाल तेव्हा त्याच्या वरची वचनंही वाचा. बाईंसारखे किती जण दर महिन्याला ते ताट पुढे सरकवत असतील!

कुणी म्हणेल, पण डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूनंच तर पूर्ण व्हा असं सांगितलं आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाचं शेवटचं वचन. लहानपणी मला या वचनाची धडकी भरायची. पण ते एकटं उभं नाही. त्याच्या आधीची वाक्यं शत्रूवर प्रेम करण्याची आहेत, वाइटांवर आणि चांगल्यांवर सारखाच सूर्य उगवणाऱ्या आणि सारखाच पाऊस पाडणाऱ्या पित्याची आहेत. म्हणजे ज्या पूर्णतेकडे बोलावलं आहे ती हात आखडता न घेणाऱ्या प्रेमाची पूर्णता आहे. एरफुर्टच्या मठात तासन् तास पापांची कबुली देत बसणाऱ्या तरुण मार्टिन ल्यूथरलाही शांती मिळाली ती यादी संपल्यामुळे नव्हे. यादी संपत नसतेच.

मग सगळं कृपेनंच असेल तर माणूस कष्ट का करील? हा प्रश्न जुना आहे, पौलालाही विचारला गेला होता. मला उत्तर सापडतं ते केडगावात. शांती मिळाल्यावर रमाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी मुलींना आणलं, त्यांच्यासाठी मुक्ती उभी केली. आणि वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्यांनी सगळं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायला घेतलं. त्यासाठी त्या दोन्ही भाषा शिकल्या. कान जवळजवळ गेले होते, १९२१ मध्ये मनोरमा ही एकुलती एक मुलगी गेली, तरी काम चालू होतं. एवढी मेहनत भीतीनं होत नाही. भीतीनं माणूस पहिल्याच अध्यायात अडकून बसतो.

यातली मला सर्वांत थोर वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. मुक्तीचा छापखाना तिथल्या बायका-मुलीच चालवत. खिळे जुळवणाऱ्या, पानं छापणाऱ्या त्याच. त्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळातून आलेल्या, पाटी-पुस्तकाची ओळख केडगावातच झालेल्या. संस्कृतात देशभर नावाजलेल्या विदुषीनं आपल्या आयुष्याचं शेवटचं काम त्यांच्या हाती सोपवलं. ज्याला सगळं परफेक्ट हवं असतं त्याला हे जमत नाही, तो दुसऱ्याच्या हाताला काम लागू देत नाही. रमाबाईंना जमलं, कारण त्या बायबलाच्या पानांवर त्यांची स्वतःची किंमत ठरायची नव्हती. ते संपूर्ण बायबल बाहेर आलं १९२४ मध्ये, त्यांच्या मागे. मंडळ्यांच्या उपासनेत पुढेही वाचलं गेलं ते बायबल सोसायटीचंच भाषांतर.

आमच्या शब्बाथशाळेत वचन वाचायला नेहमी अस्खलित वाचणारी मुलंच पुढे काढली जायची. या वर्षी आम्ही सातवीतल्या एका मुलीला वाचायला उभं केलं. ती अडखळते, मोठ्या जोडाक्षरापाशी थांबते, ओठ हलवून आधी मनात म्हणून बघते आणि मग पुढे जाते. ज्येष्ठांपैकी दोघा-तिघांनी नाराजी सांगितली, की पाहुणे असतात, बरं दिसत नाही. त्यांचं ऐकून घेतलं. पुढच्या रविवारचं वाचनही तिलाच दिलं आहे.